रात्री पायात गोळा येतो तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. सत्तावीस वर्षं शाळेत फळ्यासमोर उभी राहिले आणि निवृत्तीच्या आसपास रात्रीचे गोळे मागे लागले. तेव्हापासून डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, शेजारणी, सगळ्यांना विचारून झालंय आणि छापलेलं जे हाती लागलं तेही वाचून झालंय. आता नात्यातली माणसं मला विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. ज्याला या क्षणी गोळा आलाय त्याने फक्त पहिलं उत्तर वाचावं, बाकीचं उद्या सकाळी.

आत्ता पोटरीत गोळा आलाय. काय करू?

गुडघा सरळ करा आणि पायाची बोटं स्वतःकडे, नडगीच्या दिशेने ओढा. टाच पुढे रेटायची, बोटं मागे घ्यायची. हात पोचत नसेल तर पंचा किंवा ओढणी चवड्याला अडकवून दोन्ही टोकं ओढा. झटका देऊ नका. ताण हळूहळू वाढवायचा आणि गोळा विरेपर्यंत, साधारण अर्धा ते एक मिनिट, तसाच धरायचा. दुखणं कमी झालं म्हणून लगेच सोडलं तर तो पुन्हा चढतो, हा माझा नेहमीचा अनुभव.

नुसतं हाताने ओढण्यापेक्षा पायाच्या स्वतःच्या ताकदीनेही पाऊल वर उचलायचा प्रयत्न करा. नडगीकडचा स्नायू कामाला लागला की त्याच्या विरुद्ध बाजूच्या पोटरीला सैल पडण्याचा निरोप मज्जारज्जूतूनच जातो. शरीराची ही सोय फुकटची आहे, वापरावी.

उभं राहणं जमत असेल तर पाऊल टाचेसकट जमिनीला टेकवून त्या पायावर भार द्या. आमच्याकडे सगळे सांगतात, थंड फरशीवर उभं राहिलं की गोळा जातो. जातो हे खरं, पण गुण थंड फरशीचा नाही. उभं राहिल्यावर पोटरी ताणली जाते, म्हणून तो जातो. सतरंजीवर उभं राहिलात तरी जाईल.

एक मात्र पाळा. साठीच्या पुढच्या माणसाने कळ आली म्हणून अंधारात उडी मारून उठू नये. आधी दिवा, मग पलंगाच्या कडेला बसणं, मग उभं राहणं. गोळा पाच-दहा मिनिटांत जातो, मोडलेलं खुब्याचं हाड वर्षभर पुरतं.

गोळा पोटरीत नाही, तळपायात येतो. बोटं एकमेकांवर चढून वाकडी होतात.

तळपायात छोटे छोटे स्नायू असतात, ते आखडले की बोटं खाली वळतात किंवा फाकतात. उपाय तोच, दिशा ध्यानात ठेवायची: बोटं वाकली आहेत त्याच्या उलट, म्हणजे वरच्या बाजूला हाताने उचलून धरायची, आणि अंगठ्याने तळपायाच्या कमानीत दाबत टाचेकडे न्यायचं. उभं राहून चवड्यावर भार दिला तरी चालतं.

मांडीच्या मागे आला तर गुडघा सरळ करून पाय लांब करा. मांडीच्या पुढे आला तर गुडघा दुमडून टाच कुल्ल्याकडे ओढा, कशाचा तरी आधार घेऊन. नियम एकच: स्नायू आखडून आखूड झालाय, त्याला लांब करायचं.

हा गोळा नेमका असतो काय? "शिरेवर शीर चढली" म्हणतात ते खरं का?

शिरेचा काही संबंध नाही. हाताला लागतो तो घट्ट गोळा म्हणजे आकसलेला स्नायूच. तो मोकळा झाला की हाताखालून गोळा नाहीसा होतो.

भाषेत याला नावं भरपूर आहेत: गोळा, वांब, पेटका, आणि हल्ली क्रॅम्प. दुखणं जुनंच आहे. चरकसंहितेत वाताचे ऐंशी विकार मोजले आहेत, त्यांत ‘पिण्डिकोद्वेष्टन’ आहे: पिंडिका म्हणजे पोटरी आणि उद्वेष्टन म्हणजे पिळवटणं. आपली ‘पिंढरी’ त्याच कुळातली.

आजचं शास्त्र दोष स्नायूपेक्षा मज्जातंतूवर जास्त टाकतं. पोटरीला हुकूम देणारा तंतू नको तेव्हा, थांबायचं नाव न घेता हुकूम देत राहतो. स्नायूच्या टोकाला, जिथे तो जाड शिरेसारख्या दोरीने हाडाला बांधलेला असतो तिथे, ताण मोजणारी बारीक संवेदनाकेंद्रं असतात. ताण वाढला की ती तंतूला ‘पुरे’ म्हणतात. म्हणून ताणल्यावर गोळा सुटतो. या पानावरच्या बहुतेक उत्तरांचं मूळ या एका गोष्टीत आहे.

मग दिवसा न येता रात्रीच का येतो?

झोपल्यावर पाऊल आपसूक खाली झुकतं, नाचणारीने चवडा ताणावा तसं. म्हणजे पोटरी आधीच आखूड अवस्थेत. त्यात झोपेत कूस बदलताना आपण पाय ताणतो, पाऊल आणखी खाली जातं, आखूड स्नायू आणखी आकसतो. ‘पुरे’ म्हणणाऱ्या केंद्रांना ताणच जाणवत नाही, मग ती गप्प. पहाटे आळस देताना गोळा येतो तो असाच. आळस द्यायचाच असेल तर टाच पुढे ढकलून द्या, बोटं पुढे ढकलून नको. मला एवढ्या एका सवयीने निम्मा आराम पडला.

वय हेही कारण आहे. पन्नाशीनंतर स्नायू आणि त्यांना जोडलेले तंतू कमी होत जातात, उरलेल्यांवर भार वाढतो. दिवसभर उभं राहणारे, एरवी न केलेलं काम एके दिवशी अचानक करणारे, घरात सपाट चप्पल किंवा अनवाणी कडक फरशीवर वावरणारे, यांच्यात तक्रार जास्त ऐकू येते. रात्रीचं मद्यपानही त्यात भर घालतं.

आणखी एक गंमत: लोक म्हणतात थंडीने गोळे येतात. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या औषधचिठ्ठ्या तपासल्या तेव्हा उलटं निघालं. गोळ्यांवरच्या औषधाची मागणी उन्हाळ्यात शिगेला पोचायची आणि हिवाळ्यात निम्म्याच्या आसपास यायची. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं. पंखा बंद करून घामाघूम झोपणाऱ्यांनी यावर विचार करावा.

शरीरात पाणी-मीठ कमी पडतं म्हणून येतो ना? केळी खाऊ का?

उन्हात राबून, घाम गाळून आलेला गोळा आणि रात्री अंथरुणात आलेला गोळा, हे दोन वेगळे समजा.

पहिल्यात मीठ-पाण्याचा संबंध नक्की आहे. भात लावणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर वाकून काम करणारी बाई, मे महिन्यात ऊस तोडणारा गडी, फेब्रुवारीत मॅरेथॉन धावणारा मुलगा, यांचा घाम गेलेला असतो आणि नुसतं पाणी पिऊन मीठ भरून येत नाही. इथे ओआरएस कामाचं. पुडी एक लिटर पाण्यात, अर्ध्या पेल्यात नव्हे. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मापात चूक करू नका, मीठ जास्त झालं तर अपाय होतो. मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबतही चालतं.

रात्रीच्या गोळ्यांत मात्र बहुतेकांचं रक्त तपासलं तर क्षार ठीकच निघतात. केळं चांगलं फळ आहे, मध्यम आकाराच्या एका केळ्यात चारशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, पण मोठ्या माणसाला दिवसाला तीन हजारांच्या घरात लागतं. ते वरण, बटाटा, पालेभाज्या, दूध यांतून रोज येतच असतं. गोळा आल्यावर केळं खाल्लं तर ते पचून रक्तात येईस्तोवर गोळा केव्हाच गेलेला असतो आणि श्रेय केळ्याला मिळतं.

पाणी दिवसा प्या. म्हातारी माणसं गोळ्याच्या भीतीने झोपताना तांब्याभर पाणी पितात आणि मग रात्री तीनदा उठतात. त्या उठण्यात पडायची भीती गोळ्यापेक्षा मोठी.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर केळी, नारळपाणी, ओआरएस यांतलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. डायलिसिसवर असलेल्यांना गोळे येतात ते वेगळ्या कारणाने, शरीरातलं पाणी भराभर काढलं जातं म्हणून. तिथे डायलिसिस करणाऱ्यांनाच सांगायचं.

मॅग्नेशियमच्या गोळ्या घेऊ का? औषधवाल्याने दिल्यात.

माझ्या मते पैसे वाचवा. वयस्कर माणसांच्या रात्रीच्या गोळ्यांवर मॅग्नेशियमच्या जेवढ्या नीट चाचण्या झाल्या, त्या एकत्र करून पाहणाऱ्या कोक्रेन समीक्षेने २०२० साली सांगितलं की फारसा फरक पडण्याची शक्यता नाही. गरोदरपणात निकाल उलटसुलट आहेत. जुलाब मात्र हमखास होऊ शकतात, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर मॅग्नेशियम साठून त्रास होतो.

कॅल्शियमचं तसंच. हाडांसाठी नाचणी, तीळ, दूध जरूर खा. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तिळात हजाराच्या वर. पण गोळे थांबतील या आशेने भाकरी बदलू नका.

ब१२ तपासून घेण्यात अर्थ आहे, विशेषतः शाकाहारी माणसाने आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्याने, कारण त्या औषधाने ब१२ कमी होऊ शकतं. कमी निघालं तर ते भरून काढायलाच हवं, गोळे जावोत न जावोत.

हल्ली व्हिटॅमिन के२ बद्दल ऐकतोय.

२०२४ मध्ये चीनमधल्या एका चाचणीचा निकाल आला. पासष्ट आणि त्यापुढच्या वयाच्या सुमारे दोनशे जणांपैकी निम्म्यांना रोज १८० मायक्रोग्रॅम के२ दिलं. आठ आठवड्यांत त्यांचे आठवड्याला अडीचच्या आसपास असलेले गोळे एकावर आले, औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांचे कमी झाले नाहीत. निकाल चांगला आहे, पण चाचणी एकच आहे. मी अजून थांबले आहे.

जे रक्त पातळ करण्यासाठी वॉर्फरिन किंवा असेनोकुमारॉल घेतात त्यांनी के२ला हात लावू नये. ही औषधं व्हिटॅमिन ‘के’च्या विरुद्धच काम करतात.

झोपण्याआधी करायचा व्यायाम कोणता?

इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण मला गुण आला तो याने.

भिंतीकडे तोंड करून हातभर अंतरावर उभं राहा, तळवे भिंतीला. एक पाय मागे न्या. मागच्या पायाचा गुडघा ताठ, टाच जमिनीला चिकटलेली, बोटं भिंतीकडे. आता पुढचा गुडघा वाकवत अंग भिंतीकडे झुकवा. मागच्या पोटरीत वरच्या बाजूला ओढ जाणवली पाहिजे. दहा अंक मोजा, सोडा, पुन्हा दोनदा. मग पाय बदला. घाईने हिसके देत केलं तर उपयोग नाही.

मग तसंच, पण मागचा गुडघा किंचित वाकवून. पोटरीत दोन स्नायू असतात. वरचा फुगीर स्नायू गुडघ्याच्याही वरून येतो, म्हणून तो गुडघा ताठ असतानाच पुरता ताणला जातो. त्याच्याखालचा चपटा स्नायू गुडघ्याखालीच सुरू होतो, त्याला गुडघा वाकवून गाठायचं. बहुतेक लोक पहिला प्रकार करतात आणि दुसरा सोडतात.

शेवटी पलंगावर किंवा खुर्चीच्या कडेला बसून एक पाय समोर सरळ, टाच टेकलेली, बोटं वर, पाठ सरळ ठेवून कमरेतून पुढे वाका. मांडीच्या मागची ओढ दहा अंकांपर्यंत, तीनदा. तोल जाणाऱ्यांनी तिन्ही प्रकार बसून किंवा पडून पंच्याने करावेत. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा खाली सोडायचा जो प्रकार मुलं करतात तो आपल्या वयाला नको.

सगळं मिळून पाच मिनिटं. दात घासल्यावर लगेच करायचं म्हणजे विसरत नाही.

आता खरं तेही सांगते. २०१२ मध्ये नेदरलँड्समध्ये पंचावन्नच्या पुढच्या ८० जणांवर चाचणी झाली. ज्यांनी सहा आठवडे रोज झोपताना पोटरी आणि मांडीच्या मागचा भाग ताणला त्यांचे गोळे स्पष्ट कमी झाले. त्याआधी इंग्लंडमधल्या एका चाचणीत नुसत्या पोटरीच्या ताणाने फरक दिसला नव्हता. म्हणजे पुरावा पक्का नाही. पण खर्च शून्य, अपाय जवळजवळ शून्य, आणि सहा आठवड्यांत तुमच्यापुरता निकाल तुम्हालाच कळतो. कॅलेंडरवर गोळा आलेल्या रात्रीला फुली मारत जा. माझ्या मार्चच्या पानावर अकरा फुल्या होत्या, मेमध्ये तीन.

जुनी माणसं उकिडवी बसायची, म्हणून त्यांना गोळे येत नव्हते का?

उकिडवं बसल्याने पोटरी आपोआप ताणली जाते आणि ती सवय गेल्यामुळे गोळे वाढले, असा एक तर्क मांडला गेला आहे. ऐकायला पटतो. माझी आई मात्र मोरीत उकिडवी बसून चाळीस वर्षं भांडी घासत होती आणि रात्री जुन्या साडीच्या चिंधीने पोटऱ्या आवळून बांधून झोपायची. तेव्हा मला हा तर्क पुरता पटत नाही.

आणि हो, ती चिंधी. घट्ट बांधल्यावर बरं वाटतं हे अनेक जणी सांगतात. पाच-दहा मिनिटं बांधून सोडा. रात्रभर आवळून झोपलं तर रक्ताभिसरण अडतं, मधुमेह असेल तर तर नकोच.

अंथरुणात काही बदल करायचा का?

पायथ्याशी गादीखाली घट्ट खोचलेली चादर किंवा जड गोधडी पाऊल खाली दाबते. ती मोकळी सोडा. उताणं झोपत असाल तर पायाशी एक लोड उभा ठेवा, तळपाय त्याला टेकेल असा. पालथं झोपायची सवय असेल तर पावलं गादीच्या बाहेर लोंबती ठेवा. पलंग भिंतीला लागून असेल तर पायथा भिंतीकडे करा. गोळा आला की उठायला नको, तळपाय भिंतीला रेटला की झालं.

तेल, शेक, बाम?

गोळा सुटल्यावर पोटरी ठणकते, तेव्हा शेक छान लागतो. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून, किंवा तव्यावर गरम केलेल्या जाड्या मिठाची पुरचुंडी. मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील तर शेकूच नका. चटका कळत नाही आणि फोड आलेला दुसऱ्या दिवशी दिसतो. शेजारच्या आजोबांच्या पायाला अशी जखम झाली, ती भरायला चार महिने गेले.

तेल कोणतंही: तिळाचं, खोबरेल, महानारायण. काम हात करतो, बाटलीवरचं नाव नाही. टाचेकडून गुडघ्याकडे, खालून वर, असं चोळायचं. गोळा घट्ट असताना त्यात बोटं खुपसू नका. आधी ताण, मग मालिश. बामाने कातडीला उष्ण-थंड वाटतं आणि दुखण्यावरचं लक्ष उडतं, तेवढ्यापुरता ठीक.

एकच पाय सुजलेला, गरम आणि लालसर असेल तर मात्र मालिश अजिबात करायची नाही. कारण पुढे येतं.

चादरीखाली साबणाची वडी ठेवल्याने गोळे येत नाहीत म्हणे?

म्हणे. का यावा गुण, याचं धड कारण कुणाकडे नाही. वडीने नुकसानही नाही, फक्त वडी व्यायामाच्या जागी येऊ नये. काळ्या दोऱ्याचं आणि तांब्याच्या कड्याचं उत्तरही हेच.

लोणच्याचं पाणी प्यायल्याने गोळा लगेच जातो का?

ते आपलं कैरीचं लोणचं नव्हे. तिकडे काकड्या व्हिनेगर आणि मिठाच्या पाण्यात मुरवतात, ते पाणी. २०१० मध्ये अमेरिकेत तरुणांच्या पायात विजेने मुद्दाम गोळा आणून पाहिलं तेव्हा हे पाणी प्यायलेल्यांचा गोळा साध्या पाण्यापेक्षा लवकर सुटला. तेवढ्या वेळात रक्तातले क्षार बदललेच नव्हते. म्हणून असं मानतात की आंबट-तिखट चवीने घशातल्या संवेदना चाळवतात आणि तिथून तंतू शांत होण्याचा निरोप जातो. आपल्याकडच्या लोणच्याचा तेलाचा खार चाटून हे होईल असं समजू नका. रक्तदाब असेल तर एवढं मीठ रात्री नकोच.

परदेशातले नातेवाईक टॉनिक वॉटर प्यायला सांगतात.

त्या कडवट सोड्यात क्विनीन, म्हणजे मलेरियावरचं जुनं औषध, असतं म्हणून. क्विनीनने गोळे थोडे कमी होतात हे खरं. पण त्याने रक्तातल्या प्लेटलेट्स धोकादायकरीत्या घसरू शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अमेरिकेत १९९४ मध्येच गोळ्यांसाठी ते विनाचिठ्ठी विकायला बंदी आली. ब्रिटनमध्ये डॉक्टर अगदी शेवटचा उपाय म्हणून, लक्ष ठेवून देतात. टॉनिक वॉटरमध्ये त्याचं प्रमाण औषधापेक्षा खूप कमी असतं, त्यामुळे गुण यायलाही पुरेसं नाही, साखर तेवढी पोटात जाते.

सुनेला सातवा महिना आहे, रोज रात्री पोटरीत गोळे येतात.

शेवटच्या तीन महिन्यांत हे फार जणींना होतं आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचं थांबतं. गोळा आला की नवऱ्याला उठवावं. पोटामुळे तिचा हात पावलापर्यंत पोचत नाही, त्याने टाच तळहातात धरून चवडा हळू वर दाबायचा. झोपताना भिंतीचा व्यायाम, डाव्या कुशीवर झोपणं, दिवसा पाय लोंबकळत न ठेवणं.

सरकारी दवाखान्यात चौदाव्या आठवड्यापासून कॅल्शियमच्या गोळ्या दिवसातून दोनदा देतात, त्या आई-बाळाच्या तब्येतीसाठी घ्यायच्याच. फक्त लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. पोटरीतल्या गोळ्यांसाठी म्हणून दुकानातून वेगळं काही आणू नका. गरोदरपणात पायाच्या शिरेत रक्त गोठण्याचा धोका वाढलेला असतो, तेव्हा एकाच पायाला सूज आली तर त्याच दिवशी दाखवा.

माझ्या चालू औषधांमुळे होत असेल का?

असू शकतं. रक्तदाबासाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि दम्याच्या पंपातली दीर्घकाळ काम करणारी औषधं यांचं नाव यात येतं. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी काहींचे स्नायू दुखतात, गोळेही येतात. नवीन औषध सुरू झालं आणि पंधरा दिवसांत गोळे सुरू झाले, असं जुळत असेल तर तारखा लिहून डॉक्टरांकडे न्या. मनाने बंद करू नका. गोळ्यासाठी रक्तदाबाची गोळी थांबवून पक्षाघात ओढवून घेणं हा व्यवहार परवडणारा नाही.

गोळाच आहे की दुसरं काही, कसं ओळखायचं?

गोळा अचानक येतो, हाताला घट्ट लागतो, ताणल्यावर सुटतो. यांतलं काही बसत नसेल तर विचार करा.

पायात वळवळ, काहीतरी सरपटतंय असं वाटणं, पाय हलवल्याशिवाय चैन न पडणं आणि फिरलं की बरं वाटणं, यात घट्ट गोळा नसतो. याला अस्वस्थ पाय म्हणतात. शरीरात लोह कमी असेल तर हे होतं, म्हणून फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तपासतात.

ठरावीक अंतर चाललं की पोटरी भरून येते, दोन मिनिटं थांबलं की मोकळी होते, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा तसंच. हे पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं. तंबाखू खाणारे, बिडी ओढणारे आणि मधुमेही यांनी हे ‘गोळे’ म्हणून सोडून देऊ नये. थांबूनही कमी होत नाही, पण वाकून किंवा बसल्यावर होतं, तर मणक्याकडे पाहायला हवं.

एकच पाय सुजला, गरम झाला, पोटरी दाबली की दुखते, विशेषतः लांबचा प्रवास, ऑपरेशन किंवा अंथरुणाला खिळणं झाल्यानंतर: शिरेत रक्ताची गाठ असू शकते. याच पायाला चोळायचं नाही असं वर म्हटलं, कारण गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते. धाप लागली किंवा छातीत दुखू लागलं तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.

साध्या गोळ्यासाठी डॉक्टरांकडे कधी जायचं?

आठवड्यात तीन-चार रात्री झोप मोडत असेल, सहा आठवडे व्यायाम करूनही फरक नसेल, गोळे हाताला, पोटाला, मांडीलाही येत असतील, पायातली शक्ती कमी होत असेल किंवा पोटरी बारीक दिसू लागली असेल, तर जा. लघवी गडद चहासारखी झाली तर त्याच दिवशी जा. हातांची बोटं आखडून तोंडाभोवती मुंग्या येत असतील तर कॅल्शियम घसरल्याची शंका असते, तेही लगेच दाखवायचं.

साखर, क्रिएटिनिन, क्षार, थायरॉइड, हिमोग्लोबिन एवढ्यांवर बहुतेक डॉक्टरांचं भागतं. पाच हजारांचं पूर्ण शरीर तपासणीचं पॅकेज गोळ्यांसाठी लागत नाही. मी केलं होतं. अहवाल चोवीस पानांचा आला, त्यात पोटरीबद्दल अक्षर नव्हतं.

लहान मुलगा रात्री पाय दुखतात म्हणून रडतो. हाच गोळा?

बहुधा नाही. वाढत्या वयातलं दुखणं दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री येतं, हाताला गोळा लागत नाही आणि सकाळी मूल उड्या मारतं. चोळून द्या. लंगडत असेल, ताप असेल किंवा नेहमी एकच पाय धरत असेल तर दाखवा.

वारीला जायचंय. मुक्कामात गोळे येतात, काय तयारी करू?

आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. पोटऱ्यांचं खरं हाल पहिल्या काही दिवसांत होतं, आणि पुणे ते सासवड या दिवेघाटाच्या टप्प्यानंतरची रात्र जड जाते. चढावर पोटरी दर पावलाला काम करते आणि सरावाच्या मानाने चाल एकदम वाढलेली असते.

म्हणून दीड-दोन महिने आधी चालायला लागा, आठवड्याला थोडं थोडं वाढवत, त्यात एखादा चढ किंवा जिने घ्या. नवी चप्पल वारीत पहिल्यांदा घालू नका. वाटेत मिळणारं ताक, सरबत मीठ घालून घ्या. मुक्कामावर पोचल्या पोचल्या आडवं होण्याची घाई नको. आधी झाडाला किंवा टेम्पोला हात टेकून दोन्ही पोटऱ्या ताणा, मग पाय धुवा, मग बसा. ठिकठिकाणी वारकऱ्यांचे पाय तेल लावून चोळून देणारे सेवेकरी असतात. संकोच करू नका, मात्र पाय सुजलेला असेल तर त्यांना आधी सांगा.

गोळा येऊन गेला की दुसऱ्या दिवशी पोटरी ठणकते. चालू की पडून राहू?

चाला. घट्ट आकसलेल्या स्नायूला मार बसल्यासारखं होतं, दिवस-दोन दिवस दुखणं राहतं. जिना उतरताना जास्त कळतं. पॅरासिटॅमॉल चालत असेल तर एखादी घ्यायला हरकत नाही. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी पाऊल दहा वेळा वर-खाली करा, मग पाय खाली सोडा. आणि पंचा पुन्हा उशाशी ठेवा. माझा सकाळच्या आवराआवरीत धुण्यात जातो आणि नेमका त्याच रात्री लागतो.